आत ठेवलेली पुस्तकं : खाडीकाठच्या एका वाचनालयाचं प्रकरण

हे प्रकरण वाचनालयांत काम करणाऱ्यांच्या चर्चेसाठी लिहिलं आहे. यातलं गाव, संस्था आणि माणसं कुठल्याही एका ठिकाणची नाहीत. सिंधुदुर्गाच्या किनारपट्टीवर अशा गोष्टी ज्या रीतीने घडतात ती रीत दिसावी म्हणून प्रकरण जुळवून उभं केलं आहे. कायदा, न्यायालयांचे निकाल आणि पुस्तकांचा इतिहास मात्र खरा आहे. आपलं गाव ओळखू आल्यासारखं वाटलं तर तो योगायोग समजावा.

वाचनालय जुनं. जांभ्या दगडाच्या भिंती, पुढे पडवी, आत दोन खोल्या, वर मंगलोरी कौलं. शासनमान्य, 'क' वर्ग. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ सालचा. त्याखाली मान्यता मिळालेल्या वाचनालयांना वर्षाचं अनुदान मिळतं. ते हप्त्यांनी येतं, उशिरा येतं, आणि पुस्तकं, नियतकालिकं, पगार यांतच संपतं. ग्रंथपालाचा पगार ऐकला तर बाहेरचा माणूस दोनदा विचारतो, महिन्याचा की आठवड्याचा. इमारतीसाठी त्यातून काही उरत नाही, आणि कोकणात इमारतीचा मुख्य खर्च म्हणजे पाऊस. कौलं चाळायची, कुजलेल्या रिपा बदलायच्या, वाळवीचं औषध मारायचं. हा पैसा मुंबईहून येतो. गावाच्या मुंबई मंडळातले चाकरमानी वर्गणी काढतात, गणपतीत गावी आले की रक्कम जाहीर होते, आणि देणगीदारांची नावं पडवीतल्या संगमरवरी पाटीवर कोरली जातात. वाचनालय चालवतात गावातले निवृत्त शिक्षक, दुकानदार, पतपेढीचे संचालक. ते तगून राहतं मुंबईच्या पैशावर. पुढे जे घडलं त्याचं मूळ या व्यवस्थेत आहे, म्हणून एवढं सांगितलं.

गणपतीतच सुरुवात झाली. कॉलेजात दुसऱ्या वर्षाला असलेली एक मुलगी संततिनियमनाचा प्रचार करणाऱ्या र. धों. कर्व्यांच्या निवडक लेखांचं पुस्तक घरी घेऊन गेली होती. घर भरलेलं, माजघरात पाहुणे. मुंबईहून आलेल्या काकांनी पुस्तक उचललं, मधलंच पान उघडलं आणि उभ्याउभ्या वाचलं. ते मुंबई मंडळाचे पदाधिकारी, वाचनालयाच्या छपरासाठी गेल्या वेळी सर्वांत मोठी रक्कम देणारे. संध्याकाळी आरतीनंतर त्यांनी वाचनालयाच्या अध्यक्षांना गाठलं. बोलणं काय झालं ते त्या दोघांनाच माहीत. परिणाम मात्र आठवड्याने दिसला. अध्यक्ष वाचनालयात आले, ग्रंथपाल बाईंना म्हणाले, "मॅडम, ती बायकांच्या विषयावरची पुस्तकं आहेत ना, ती जरा आत ठेवा. उगाच कोणाच्या तोंडी लागायला नको."

'आत' म्हणजे मागच्या खोलीतलं लोखंडी कपाट. चावी अध्यक्षांकडे.

आत काय गेलं ते पाहण्यासारखं आहे. कर्व्यांचं पुस्तक तर गेलंच. ताराबाई शिंदे यांचा 'स्त्रीपुरुष तुलना' गेला. विभावरी शिरूरकरांचा 'कळ्यांचे निःश्वास' गेला. स्त्रीवादावरची काही अनुवादित पुस्तकं आणि बायकांच्या आरोग्यावरची एक सचित्र पुस्तिकाही गेली. उर्मिला पवारांचं 'आयदान' मात्र फळीवरच राहिलं. नवऱ्याशी, जातीशी आणि स्वतःच्या शरीराशी इतकं थेट बोलणारं आत्मकथन सहीसलामत सुटतं, आणि ताराबाईंचा १८८२ साली छापलेला निबंध कुलपात जातो, यावरून यादी कशी झाली असेल याचा अंदाज येतो. शीर्षकं पाहिली, मलपृष्ठं चाळली, झालं. पुस्तकं बंद करणाऱ्यांनी ती वाचलेली नसतात, हा अनुभव जुना आहे आणि त्याचं मला आता नवल वाटत नाही.

दोन महिन्यांनी दुसरी पायरी आली, आणि माझ्या मते तीच अधिक गंभीर. दाखल नोंदवहीत प्रत्येक पुस्तकाला क्रमांक असतो. पुस्तक फाटलं, हरवलं, वाळवीने खाल्लं, तर त्याचं निर्लेखन करायचं, म्हणजे यादी करून कार्यकारिणीत ठराव घ्यायचा आणि ते नोंदवहीतून कमी करायचं. कोकणात अशी यादी दर पावसाळ्यानंतर होते आणि ती खरीच असते, कारण भिंतीला ओल येते आणि पानांना बुरशी धरते. त्या वर्षीच्या कच्च्या यादीत कपाटातली पुस्तकंही होती. शेरा होता, 'पावसाने खराब'. त्यातली काही दोनच वर्षांपूर्वी विकत घेतलेली. हा ठराव झाला असता तर पुस्तकं कधी होती हेसुद्धा कागदावर शिल्लक राहिलं नसतं. बंदी घातल्याची नोंद कुठेच उमटली नसती आणि सगळं खापर पावसावर फुटलं असतं.

हे लक्षात आलं ते वाचनालयाच्या पडवीत महिन्यातून एकदा जमणाऱ्या बायकांच्या वाचनगटाच्या. गटात अंगणवाडी सेविका होती, एसटीत कंडक्टर असलेली एक होती, प्राथमिक आरोग्य केंद्रातली परिचारिका होती, बचत गटाच्या दोघीतिघी, आणि कॉलेजातल्या मुली. पुढच्या महिन्यासाठी ताराबाईंचा निबंध ठरला होता. तो मागायला गेल्या तर मिळेना. ग्रंथपाल बाई कधी म्हणाल्या बाहेर गेलंय, कधी म्हणाल्या नंतर बघू. तिसऱ्यांदा त्यांचा आवाजच बसला आणि त्यांनी मागच्या खोलीकडे नुसती मान केली.

गटात त्या संध्याकाळी भांडण झालं. कंडक्टर बाईंचं मत, सरळ मोर्चा काढायचा, पत्रकारांना बोलवायचं, पडवीत बसून राहायचं. अंगणवाडी सेविकेचं म्हणणं वेगळं. ती विचारत होती, मोर्चा काढायचा तो कशावर? कोणी काही केलंय असं कागदावर आहे कुठे? अध्यक्ष म्हणतील, बंदी कोणी घातली? पुस्तकं दुरुस्तीला काढलीत. आणि आपण खोट्या पडू. आधी त्यांना लिहायला लावू, मग बघू. मला या सगळ्या प्रकरणात हा प्रश्न सर्वांत मोलाचा वाटतो. पुढची सगळी वाटचाल त्याच्यावर उभी आहे.

कारण कायद्याने बंदी घालायची तर सरकारलाही लिहावंच लागतं. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ९५ होतं, आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ९८ आहे. राज्य सरकारला पुस्तक जप्त करायचं असेल तर अधिसूचना काढावी लागते आणि आपल्या मताची कारणं तीत द्यावी लागतात. कारणं दिली नाहीत म्हणून सर्वोच्च न्यायालयाने उत्तर प्रदेश सरकारचा जप्तीचा आदेश १९६१ सालीच, हरनाम दास खटल्यात, रद्द केला होता. अधिसूचनेविरुद्ध दोन महिन्यांत उच्च न्यायालयात जाता येतं. पश्चिम बंगाल सरकारने तसलिमा नसरीन यांच्या 'द्विखंडित' या आत्मचरित्राच्या भागावर २००३ मध्ये बंदी घातली. ती कोलकाता उच्च न्यायालयाने २००५ मध्ये उठवली. बंदी कागदावर होती म्हणून तिच्याशी लढता आलं. खाडीकाठच्या वाचनालयात 'जरा आत ठेवा' एवढ्या तीन शब्दांविरुद्ध अपील कुठे करणार?

मग त्यांनी मागणी नोंदवही हातात घेतली. प्रत्येक वाचनालयात अशी वही असते, बहुतेक ठिकाणी ती धूळ खात पडलेली असते. वाचकाने हवं ते पुस्तक लिहायचं, समोरच्या रकान्यात ग्रंथपालाने शेरा मारायचा. गटातल्या बायकांनी पाळी लावली. कोणी ना कोणी रोज जाऊन कपाटातल्या एका पुस्तकाची मागणी नोंदवायची आणि शेरा मिळेपर्यंत तिथेच बसायचं. वाद घालायचा नाही, आवाज चढवायचा नाही. पहिले काही दिवस शेऱ्याचा रकाना कोराच राहिला. मग एका दिवशी ग्रंथपाल बाईंनी ताराबाईंच्या नावासमोर लिहिलं, 'कपाटात आहे', आणि खाली सही केली. त्यांच्यावर घरचा भार होता, नोकरी कार्यकारिणीच्या मर्जीवर, आणि वय असं की दुसरीकडे कोणी घेणार नाही. आंदोलनाच्या गोष्टीत अशा माणसाला एकतर भित्रं दाखवतात नाहीतर शूर. ही बाई दोन्ही नव्हती. खोटं लिहायचं तिच्या जिवावर आलं, एवढंच. त्या दोन शब्दांमुळे पुस्तकं खराब झालेली नसून ठेवून दिलेली आहेत, हे संस्थेच्याच दप्तरात आलं आणि निर्लेखनाच्या यादीचा पायाच गेला.

यानंतर गटाने अध्यक्षांना अर्ज दिला. कोणत्या ठरावाने, कोणाच्या तक्रारीवरून ही पुस्तकं देवघेवीतून काढली? पोच घेतली. उत्तर यायला महिना लागला. 'सदर पुस्तके दुरुस्तीकामी बाजूला ठेवण्यात आली आहेत.' दरम्यान जिल्हा ग्रंथालय अधिकारी कार्यालयाकडे माहितीच्या अधिकारात विचारणा केली, या पुस्तकांबाबत काही आदेश निघाला आहे का? उत्तर आलं, असा कोणताही आदेश नाही. अनुदान बंद होईल अशी भीती कार्यकारिणी घालत होती, तिच्यातली हवा त्यामुळे गेली.

तालुका न्यायालयात वकिली करणाऱ्या एका ताईंनी गटाला साध्या मराठीत एक पान लिहून दिलं. त्यातला मुद्दा अश्लीलतेचा होता, कारण गावात कुजबुज त्याच शब्दाची होती. भारतीय दंड संहितेच्या कलम २९२ ची जागा आता भारतीय न्याय संहितेच्या कलम २९४ ने घेतली आहे, पण विज्ञान, साहित्य, कला, ज्ञान यांच्यासाठी असलेल्या लेखनाला दिलेला अपवाद कायम आहे. मराठी वाचकाला जवळचा निकाल म्हणजे चंद्रकांत काकोडकर यांचा. 'रंभा' मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकातल्या 'शामा' या कथेवरून त्यांच्यावर खटला झाला आणि १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना सोडलं. पुढे १९८५ मध्ये समरेश बसू यांच्या बंगाली कादंबरीच्या खटल्यात न्यायालयाने जे म्हटलं त्याचा आशय असा की, नुसता लैंगिक उल्लेख आला म्हणून पुस्तक अश्लील ठरवायचं तर तरुणांना धार्मिक पुस्तकांखेरीज काही वाचताच येणार नाही. २०१४ च्या अवीक सरकार खटल्यात तर सुटं वाक्य उचलून पुस्तक ठरवण्याची जुनी इंग्रजी कसोटीच सर्वोच्च न्यायालयाने बाजूला ठेवली. उभ्याउभ्या एक पान वाचून पुस्तकाला दोष देणं ही काकांची पद्धत, आणि तीच कसोटी न्यायालयाने टाकून दिलेली.

त्या पानाच्या झेरॉक्सा निघाल्या. गटातल्या एका मुलीने त्याचा फोटो गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला आणि तिथून खरी धुळवड सुरू झाली. मुंबईच्या ग्रुपवर ग्रंथपाल बाईंचं नाव आलं. 'अश्लील पुस्तकांवरून गावात वाद' अशी बातमीही एका ठिकाणी लागली. आधीच्या सगळ्या सावध पावलांवर दोन दिवसांत पाणी फिरतं की काय, अशी अवस्था झाली. पत्रकारांना लवकर बोलावू नये, असं मी नेहमी सांगत आलो आहे. एकदा 'अश्लील' हा शब्द मथळ्यात बसला की नंतरचे सगळे खुलासे त्याच्या खालच्या ओळीत जातात.

वाचनाचा जाहीर कार्यक्रम २५ डिसेंबरला ठरला. १९२७ साली याच दिवशी महाडला मनुस्मृती जाळली गेली, आणि अनेक संघटना हा दिवस भारतीय स्त्री मुक्ती दिन म्हणून पाळतात. वाचनालयाची पडवी मागितली, मिळाली नाही. शाळेचा व्हरांडा मागितला, तिथेही सुट्टीचं कारण निघालं. शेवटी बौद्धवाडीतल्या विहाराने जागा दिली. इथे गटाचीच परीक्षा झाली. गटातल्या मराठा आणि भंडारी घरांतल्या काही बायकांनी उंबरठा ओलांडून तिथे कधी बसणं-उठणं केलेलं नव्हतं. दोघीजणी आल्या नाहीत, कारणं घरची सांगितली. बाकीच्या आल्या. चटयांवर बसल्यावर तिथली एक म्हातारी म्हणाली, "आमच्यात ह्या दिसाक दरवर्सा कार्यक्रम आसता. तुमी पयल्यांदाच इलात." बोलण्यात कडवटपणा नव्हता, पण कोणी हसलंही नाही. पुस्तकं आत कोंडल्याबद्दल चिडलेल्या गटाला आपल्या गावातल्या एका वाडीत हा दिवस वर्षानुवर्षं साजरा होतो याची खबर नव्हती. हे प्रकरणाच्या कडेचं वाटेल. माझ्या मते ते मधोमध आहे, कारण पुढच्या सभेत मतं कुठून आली ते पाहिलं तर हिशेब याच दुपारशी येऊन जुळतो.

त्या दिवशी ताराबाई वाचल्या. बुलढाण्याच्या ताराबाईंनी निबंध लिहिला त्याला निमित्त सुरतेकडच्या विजयालक्ष्मी नावाच्या ब्राह्मण विधवेचं होतं. बाळाला मारल्याबद्दल तिला १८८१ मध्ये फाशीची शिक्षा झाली, ती पुढे कमी झाली, आणि वर्तमानपत्रांतून एकूण बायकांच्या चारित्र्यावर चिखलफेक सुरू झाली. बायकांवर जे जे दोष ठेवता ते पुरुषांत नाहीत का, असा ताराबाईंचा रोखठोक सवाल. निबंधावर एवढी टीका झाली की त्यांनी पुढे काही प्रसिद्ध केल्याचं आढळत नाही. जोतीराव फुल्यांनी 'सत्सार' या आपल्या नियतकालिकातून त्यांची बाजू घेतली. पुस्तक मात्र विस्मरणात गेलं, ते १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी पुन्हा छापेपर्यंत. त्यावर सरकारी बंदी कधीच नव्हती. नव्वद-एक वर्षं ते नुसतं 'आत' होतं. परिचारिका बाईंनी वाचून संपवल्यावर पाठीमागून कोणीतरी विचारलं, "ह्या पुस्तकात वायट काय आसा ता माका कोणीतरी दाखवा." मग 'आयदान' वाचलं. रत्नागिरीजवळच्या फणसवळ्याची लेखिका, आईच्या हातातलं बांबूचं विणकाम, तीच बोली, तीच वाट. सुपं-रोवळ्या विणणाऱ्या बायका समोर बसलेल्या असताना ते वाचन ऐकणं वेगळंच होतं. खरं तर इथे सभा संपायला हवी होती. पण कॉलेजातल्या एका मुलाला कविता म्हणायची होती आणि ती फार लांबली.

आता सभेकडे. कार्यकारिणीचा निर्णय फिरवायचा तर सर्वसाधारण सभेत ठराव हवा, आणि तिथे नवीच अडचण उभी राहिली. गटातल्या बहुतेक बायका वाचनालयाच्या सभासदच नव्हत्या. वर्षानुवर्षं त्या पुस्तकं नेत होत्या ती नवऱ्याच्या, सासऱ्याच्या, क्वचित दिराच्या कार्डावर. वाचणाऱ्या त्या आणि सभासद पुरुष. मताचा अधिकार कार्डावरच्या नावाला. संस्थेच्या घटनेप्रमाणे नव्या सभासदाला ठरावीक मुदत झाल्याशिवाय मत देता येत नव्हतं. म्हणजे वार्षिक सभेत मत हवं तर वर्गणी लगेच भरायला हवी होती.

मला विचाराल तर आंदोलनाचं खरं काम इथे झालं. दारोदार जाऊन बायकांना स्वतःच्या नावाचं कार्ड काढायला सांगायचं. वर्गणी किरकोळ, पण प्रश्न वर्गणीचा नव्हताच. "घरात एक कार्ड आहे ना, दुसरं कशाला?" हा सवाल प्रत्येक ओटीवर आला. काही ठिकाणी सासूने उत्तर दिलं, काही ठिकाणी दार लागलं. मासळी विकणाऱ्या दोघींनी कार्डं काढली, त्यांतल्या एकीला वाचता येत नव्हतं. नातीसाठी काढतेय म्हणाली. बौद्धवाडीतून एकगठ्ठा अर्ज आले. अध्यक्षांनी काही अर्ज 'छाननीसाठी' ठेवून घेतले तेव्हा वकील ताईंनी आठवण करून दिली की संस्था सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेली आहे आणि सभासदत्वाच्या तक्रारी धर्मादाय आयुक्तांपर्यंत जाऊ शकतात. अर्ज मंजूर झाले.

वार्षिक सभा पावसात, गणपतीच्या आधी. खोली भरून पडवीत लोक. विषयपत्रिकेवर पुस्तकांचा विषय घ्यावा म्हणून आधीच सह्यांचं पत्र दिलेलं होतं, त्यामुळे 'अध्यक्षांच्या परवानगीने येणारे ऐनवेळचे विषय' या सदरात तो ढकलता आला नाही. काका मुंबईहून मुद्दाम आले होते. त्यांचं भाषण मी प्रामाणिकपणे नोंदवतो, कारण ते मूर्खाचं भाषण नव्हतं. लहानपणी याच वाचनालयातली पुस्तकं कंदिलाखाली वाचून आपण शिकलो, गिरणीच्या संपानंतर घर सावरलं, पहिला पगार चांगला झाला तेव्हा पहिली देणगी इथे दिली. आमच्या घरातल्या मुलीने काय वाचावं ते आम्ही ठरवू नये का? टाळ्या पडल्या. अंगणवाडी सेविका उठली. म्हणाली, "काका, तुमच्या घरातलं तुम्ही आणि ती बघा. ती शहाणी आहे, मतदान करते. पण माझ्या मुलीने काय वाचायचं तेही तुम्हीच ठरवलंत, आणि मला विचारलं नाहीत." यावर काकांकडे उत्तर नव्हतं, आणि ते बसले.

निवृत्त मुख्याध्यापकांनी मग तो प्रश्न टाकला जो कोकणात कोणीतरी टाकणारच होतं. महाडला तुमच्याच लोकांनी पुस्तक जाळलं ते चालतं, आणि आम्ही नुसतं कपाटात ठेवलं तर बंदी? प्रश्न वरवर बिनतोड आहे, म्हणून त्याचं उत्तर नीट पाहायला हवं. महाडला जमलेल्यांच्या हाती कोणाचं वाचन थांबवण्याची सत्ता नव्हती. उलट पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना वाचूच दिलं नाही ते लोक होते, आणि आपल्यावर राज्य करणाऱ्या ग्रंथाचा निषेध त्यांनी उघड्यावर, ठराव करून, स्वतःच्या नावाने केला. मनुस्मृती त्या दिवसानंतरही छापली जात राहिली, विकली जात राहिली. बौद्धवाडीतल्या एका तरुण शिक्षिकेने हे सगळं न सांगता दोनच गोष्टी सांगितल्या. एक, आपल्या वाचनालयात धर्माच्या कपाटात मनुस्मृतीचा मराठी अनुवाद आहे, तो कोणी काढा म्हटलेलं नाही आणि आम्हीही म्हणत नाही. दुसरी, महाडच्या सत्याग्रहाचे नेते बाबासाहेब आंबेडकर १९३४ साली र. धों. कर्व्यांच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकावरच्या खटल्यात कर्व्यांचे वकील म्हणून उभे राहिले. तेच कर्वे, ज्यांचं पुस्तक मागच्या खोलीत आहे.

सभेत बऱ्याच जणांना हे नवं होतं. कर्वे घराणं दापोली तालुक्यातल्या मुरूडचं (जंजिऱ्याच्या नव्हे), महर्षी कर्व्यांचे हे थोरले चिरंजीव. संततिनियमनाचं काम त्यांनी मुंबईत १९२१ मध्ये सुरू केलं, मासिक १९२७ च्या जुलैत काढलं आणि १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत चालवलं. बाईच्या शरीरावर आणि सुखावर तिचाच हक्क, हे ते त्या काळात लिहीत होते. अश्लीलतेचे खटले झाले, १९३१ च्या आणि १९३४ च्या दोन्ही खटल्यांत दंड झाला. बाबासाहेब तो खटला हरले. पण सभेत हरल्या-जिंकल्याचा परिणाम झाला नाही, झाला तो मुरूडचा. 'आपल्याकडचा माणूस' म्हटल्यावर मागच्या रांगेतल्या दोन म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. हे तर्काला धरून नाही हे मला कळतं. सभा तर्कावर चालत नाहीत.

ठराव थोड्या मतांच्या फरकाने मंजूर झाला. कोणतंही पुस्तक देवघेवीतून काढायचं तर सभासदाची लेखी, सहीनिशी तक्रार हवी. तक्रारदाराने पुस्तक पूर्ण वाचल्याचं लिहून द्यायचं आणि आक्षेपार्ह पानांचे क्रमांक द्यायचे. तीन जणांची समिती, तीत किमान एक बाई, महिन्यात सकारण निर्णय देईल आणि तोवर पुस्तक फळीवरच राहील. हे मंजूर व्हावं म्हणून गटाला एक तडजोड करावी लागली. आरोग्याच्या सचित्र पुस्तिकेसह दोन पुस्तकं अठरा वर्षांखालच्या वाचकांना पालकांच्या सहीनेच मिळतील. ही तडजोड मला पटत नाही. ज्या मुलीला पाळीबद्दल घरात विचारता येत नाही तिला त्याच घरातून सही आणायला सांगणं म्हणजे पुस्तक पुन्हा कपाटात टाकणं. परिचारिका बाईंनी सभेत याविरुद्ध हात वर केला, तो एकटाच होता.

दुसऱ्या दिवशी कपाट उघडलं. पुस्तकांना खरोखरच बुरशी आली होती, कारण मागच्या खोलीत हवा खेळत नाही. 'पावसाने खराब' हा शेरा वर्षभरात जवळजवळ खरा ठरला होता. उन्हं पडल्यावर बायकांनी ती पडवीत वाळवली. 'कळ्यांचे निःश्वास'ची प्रत सापडलीच नाही. १९३३ मध्ये ते निघालं तेव्हा ही विभावरी शिरूरकर कोण म्हणून महाराष्ट्रभर शोधाशोध झाली होती. इथे पुस्तकच गायब झालं. नवी प्रत गटाने वर्गणी काढून घेतली.

छपराचा पैसा त्या गणपतीत आला नाही. कोणी नाही म्हटलं नाही, जाहीर करताना वाचनालयाचं नाव घेतलं गेलं नाही, एवढंच. पुढच्या पावसाळ्यात मराठी कथांच्या कपाटावर प्लॅस्टिक अंथरावं लागलं. देणगी बंद होईल ही कार्यकारिणीची भीती खोटी नव्हती, हे गटाने मान्य करायला हवं. त्यावर उपाय मोर्चाने निघत नाही. बायकांच्या वाढलेल्या वर्गणीतून कौलं चाळून होतात, रिपा बदलून होत नाहीत. ग्रंथपाल बाई अजून नोकरीवर आहेत, त्यांच्या पगारवाढीचा विषय मात्र तेव्हापासून प्रत्येक बैठकीत पुढे ढकलला जातो.

नव्या नियमाखाली आजवर एकही लेखी तक्रार आलेली नाही. पूर्ण वाचून सही करायची म्हटल्यावर कोणी पुढे येत नाही. पण खरेदीच्या याद्या पाहिल्या तर चित्र वेगळं दिसतं. सभेनंतर घेतलेल्या पुस्तकांत कादंबऱ्या आहेत, स्पर्धा परीक्षांची पुस्तकं आहेत, चरित्रं आहेत, दिवाळी अंक आहेत. स्त्री-प्रश्नावरचं एकही नवं पुस्तक नाही. इथे कोणताही नियम मोडलेला नाही, कारण जे विकत घेतलं नाही ते काढायची गरजच पडत नाही, आणि न घेण्याचं कारण कोणाला लिहावं लागत नाही. गटाने मागणी नोंदवहीत पुन्हा नावं लिहायला सुरुवात केली आहे. शेरा येतो, 'निधी उपलब्ध झाल्यावर'. खरेदी समितीत तीन जागा असतात आणि त्या कार्यकारिणीतूनच भरतात. कार्यकारिणीची निवडणूक पुढच्या वर्षी आहे. अंगणवाडी सेविकेचा अर्ज ठरला आहे, मासळी विकणाऱ्या बाईच्या घरी अजून बोलणं चालू आहे.